टेनिस: हाकेचं झालं नाव, नावाचा झाला बॉल

कोकणात कुणी "टेनिस खेळायला येतोस काय?" असं विचारलं, तर रॅकेट घेऊन जाऊ नका. तिथे तुम्हाला तीन स्टंप, एक बॅट आणि माइक हातात धरून घसा कोरडा होईपर्यंत समालोचन करणारा गावातला एखादा गृहस्थ भेटेल. दिवाळी उलटली की गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत तिठ्यातिठ्यावर बॅनर लागतात. 'भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा', खाली मंडळाचं नाव, त्याखाली रोख बक्षीस आणि चषक, क्वचित एखादा बोकड. बोलताना मात्र एवढं लांबलचक कोणी म्हणत नाही. "यंदा आमच्याकडे टेनिस आहे," एवढ्यात काम भागतं.

२०२४च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला आणि टेनिस बॉलवरचं क्रिकेट थेट टीव्हीवर पोचलं. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो, विशेषतः शहरात वाढलेल्या मुलांकडून. क्रिकेट आहे तर त्याला टेनिस का म्हणायचं? आणि जुलैत, इकडे लावणीचा चिखल तुडवून माणसं घरी आलेली असतात, तेव्हा टीव्हीवर पांढऱ्या कपड्यातली माणसं जे खेळतात, त्या टेनिसचा आणि आपल्या टेनिसचा संबंध काय?

संबंध आहे. फक्त तो लांबचा आहे आणि वाटेत बरीच वळणं आहेत.

टेनिस की सीझन?

आधी इथला व्यवहार समजून घेऊ. कोकणात क्रिकेटच्या बॉलचे ढोबळ दोन भाग: 'सीझन' आणि 'टेनिस'. सीझन म्हणजे कातडी, शिवणीचा, खरा क्रिकेटचा चेंडू. वजन १५६ ते १६३ ग्रॅम. तो लागला तर लागतो. त्यासाठी पॅड हवेत, ग्लोव्हज हवेत, हेल्मेट हवं आणि मुख्य म्हणजे रोलर फिरवलेली खेळपट्टी हवी. ही सगळी चैन कोकणातल्या वाडीला परवडणारी नव्हती.

वाडीकडे काय होतं? कापणी झालेला भाताचा मळा, ज्यात खुंटं अजून उभी आहेत आणि ज्याची सीमारेषा म्हणजे बांध. नाहीतर कातळाचा सडा, जिथे जांभ्याचा दगड उघडा पडलेला असतो. नाहीतर ओहोटीच्या वेळची पुळण, जी भरती आली की संपते. या तिन्ही ठिकाणी सीझन बॉल टिकत नाही. जांभ्यावर त्याचं कातडं सोलून निघतं, मळ्यात तो कुठेही उसळून तोंडावर येतो आणि ओल्या वाळूत भिजून दगड होतो. टेनिस बॉल मात्र हलका, स्वस्त आणि लागला तरी माणूस चोळत उभा राहतो. त्यामुळे इथलं क्रिकेट टेनिस बॉलवरच वाढलं. त्यातही पुढे 'लाईट' आणि 'हेवी' असे प्रकार आले. हेवी टेनिस म्हणजे क्रिकेटसाठीच बनवलेला, रबराची जाड भिंत असलेला बॉल. तो लांब जातो, वाऱ्यात भरकटत नाही, पण बोटाला लागला तर सीझनची आठवण करून देतो.

खऱ्या टेनिसचा चेंडू याहून वेगळा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं. २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. ही उसळी येते आत दाबून भरलेल्या हवेतून. म्हणून ते चेंडू बंद डब्यात विकतात आणि डबा फोडताना 'फुस्स' असा आवाज येतो. डबा उघडल्यावर हवा हळूहळू रबरातून बाहेर झिरपते आणि काही आठवड्यांत चेंडू मेल्यासारखा पडतो. वरचं केसाळ कापड हवेला अडवतं आणि चेंडूचा वेग आवरतं. आपल्याकडे सड्यावर हे केस दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यातच झिजून जातात. "बॉल टकला झाला, दुसरा काढा," हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. टकला झालेला बॉल हवेत जास्त वेगाने जातो, म्हणून तो बदलायचा की नाही यावरून भांडणंही होतात. त्यात पंच शहाणा असेल तर लांब उभा राहतो.

म्हणजे इथे 'टेनिस' हे बॉलचं नाव आहे, आणि बॉलवरून खेळाचं. आता हा शब्द बॉलपर्यंत आला कुठून, ते पाहू.

धरा!

शब्दाचं मूळ शोधण्याला व्युत्पत्ती म्हणतात. टेनिसची सर्वांत जास्त मान्य असलेली व्युत्पत्ती अशी आहे की तो मुळात नाव नव्हताच, ती हाक होती.

जुन्या फ्रेंच भाषेत 'तेनिर' म्हणजे धरणं, घेणं. त्याचं आज्ञार्थी रूप 'तेनेत्स'. आजचे फ्रेंच लोक ते 'तने' असं उच्चारतात. अर्थ: धरा, घ्या. 'धर रे' नव्हे, 'धरा'. अहोजाहोतली हाक. चेंडू टाकणारा समोरच्याला सावध करण्यासाठी ती द्यायचा, आणि मग चेंडू सोडायचा.

हाकेवरून खेळाचं नाव पडणं मराठी माणसाला नवं वाटायला नको. बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात मारून आपण 'खो' म्हणतो, आणि सगळ्या खेळालाच खो-खो म्हणतो. कबड्डीलाही आपल्याकडे जुनं नाव हुतूतू, म्हणजे चढाई करणारा श्वास न तोडता जे घोकत जातो तेच. परका माणूस मैदानाच्या कडेला उभा राहिला तर त्याला आधी नियम कळत नाहीत, ओरडणं कळतं. फ्रेंच सरदारांचा खेळ पाहणाऱ्या इंग्रजांचं आणि इटालियनांचं नेमकं हेच झालं असावं.

इटलीतली नोंद जुनी आहे. फ्लॉरेन्सचा इतिवृत्तकार दोनातो वेल्लुती याने लिहून ठेवलं आहे की १३२५च्या सुमारास फ्रेंच घोडेस्वार सरदार फ्लॉरेन्सला आले, तिथल्या एकाने त्यांच्याबरोबर चेंडू खेळण्यात दिवस घालवले आणि तेव्हापासून या भागात 'तेनेस' खेळायला सुरुवात झाली. इंग्रजीत हा शब्द १४००च्या सुमारास दिसतो. जॉन गॉवर या कवीने राजा चौथा हेन्री याला उद्देशून केलेल्या कवितेत तो 'तेनेत्झ' असा येतो. गॉवरचं म्हणणं असं की या खेळात कोण जिंकला, कोण हरला, हे चेंडू थांबेपर्यंत कुणाला कळत नाही. शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असताना कोकणातला समालोचकही दुसरं काही सांगत नसतो.

त्यानंतर इंग्रजांनी शब्दाचं शेपूट कापलं, जोर शेवटच्या अक्षरावरून पहिल्या अक्षरावर आणला आणि 'तेनेत्झ'चं 'टेनिस' झालं.

मग फ्रेंच लोक त्याला काय म्हणत?

गंमत अशी की ज्यांची ती हाक, त्यांनी खेळाला ते नाव दिलंच नाही. फ्रान्समध्ये त्याला 'झ्यू द पोम' म्हणत, म्हणजे तळहाताचा खेळ. कारण सुरुवातीला रॅकेट नव्हतीच. उघड्या तळव्याने चेंडू मारायचा. पुढे हात सोलवटू लागले म्हणून हातमोजे आले, मग लाकडी फळी, आणि सोळाव्या शतकापर्यंत तातीची जाळी विणलेली रॅकेट रुळली. 'रॅकेट' हा शब्दसुद्धा तळहातासाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला, असं एक मत आहे. ते सर्वांना पटत नाही, पण पटण्यासारखं आहे.

हा खेळ आधी मठांच्या आवारात आणि मग राजवाड्यांत वाढला. चारी बाजूंनी भिंती, वर छप्पर, चेंडू भिंतीवर आपटला तरी खेळ चालू. फ्रान्सचा राजा दहावा लुई १३१६ साली व्हँसेन इथे हा खेळ दमेपर्यंत खेळला, घाम आलेल्या अंगाने गारेगार वाइन प्यायला आणि त्यातच गेला, असं सांगतात. टेनिसच्या इतिहासात ज्यांची नावं ठाऊक आहेत अशा खेळाडूंत हा अगदी पहिल्यांपैकी. आपल्याकडच्या आज्या "घामाच्या अंगाने थंड पिऊ नको" म्हणतात, तेव्हा त्यांना हा दाखला माहीत नसतो एवढंच.

फ्रेंच राज्यक्रांतीतही या खेळाची जागा आहे. २० जून १७८९ रोजी व्हर्सायमध्ये लोकप्रतिनिधींना त्यांचं सभागृह बंद आढळलं, तेव्हा ते जवळच्या चेंडूच्या बंदिस्त मैदानात शिरले आणि देशाला राज्यघटना दिल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ त्यांनी तिथे घेतली. इंग्रजी पुस्तकांत ती 'टेनिस कोर्टची शपथ' म्हणून ओळखली जाते. शाळेत हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर हिरवं गवत आणि पांढऱ्या रेषा यायच्या. प्रत्यक्षात ती उंच भिंतींची अंधारी खोली होती. फ्रेंच मात्र आजही तिला तळहाताच्या खेळाचीच शपथ म्हणतात.

याला पुरावा काय?

शंका घेणाऱ्याने इथे बरोबर बोट ठेवलं पाहिजे. फ्रेंच खेळाडू 'तेनेत्स' ओरडत होते, असं कुणा फ्रेंच माणसाने लिहून ठेवलंय का? तसा थेट उल्लेख हाती आलेला नाही. म्हणजे व्युत्पत्तीतली मधली एक कडी अंदाजाने जोडलेली आहे. पण अंदाज हवेतला नाही. त्या काळच्या लॅटिन मजकुरांत चेंडू टाकताना 'घे' अशा अर्थाची हाक आढळते. इंग्रजीतलं सर्वांत जुनं रूप 'तेनेत्झ' हे त्या फ्रेंच क्रियापदाच्या रूपाशी अक्षरशः जुळतं. आणि इटलीतली नोंद फ्रेंच सरदारांचंच नाव घेते. तीन वेगळ्या वाटा एकाच घराकडे येत असतील तर घर तेच असण्याची शक्यता मोठी.

याच्या विरुद्ध एक दुसरी गोष्ट सांगितली जाते. इजिप्तमध्ये नाईल नदीच्या मुखाजवळ तिन्नीस नावाचं शहर होतं, तलम कापडासाठी प्रसिद्ध. त्या कापडाचे चेंडू होत, म्हणून टेनिस. ऐकायला छान आहे, आणि कापडांना गावांची नावं पडतात हेही खरं. त्याचं उत्तम उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. मुंबईच्या डोंगरीवरून तिथल्या जाड्याभरड्या कापडाला 'डंगरी' म्हणू लागले, आणि त्याच्या कामगारी पोशाखाला इंग्रज 'डंगरीज' म्हणतात. पण डोंगरीच्या बाबतीत कापड, गाव आणि व्यापार यांचा माग लागतो. तिन्नीसच्या बाबतीत कापडापासून खेळापर्यंतची एकही पायरी सापडत नाही, फक्त आवाज जुळतो. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं मानलं तर व्युत्पत्ती कशाचीही काढता येते. चहाच्या टपरीवर ती रोज निघतही असते.

पंधरा, तीस, आणि मग पंचेचाळीस का नाही?

विम्बल्डन पाहताना घरोघरी विचारला जाणारा प्रश्न हाच. एक गुण मिळाला की १५, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ४०. क्रिकेटमध्ये एक धाव म्हणजे एक. इथे हे पंधराचं काय खूळ?

प्रचलित उत्तर घड्याळाचं आहे. तबकडीवर काटा चौथाई-चौथाईने फिरवायचा: १५, ३०, ४५, ६०. ६०ला फेरी पूर्ण, डाव संपला. उत्तर सुबक आहे, पण त्याला एक अडचण आहे. ही मोजणी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसते, आणि त्या काळच्या घड्याळांना मिनिट काटा सहसा नसायचा. तासाचा एकच काटा असेल तर पंधरा मिनिटं कोण मोजणार? दुसरा तर्क असा की ६० ही त्या काळी पूर्ण आकडा मानली जाणारी संख्या होती, जसा आपल्याकडे शेकडा, आणि तिचे चार समान भाग केले. काहींनी वर्तुळाच्या अंशांशीही संबंध लावला. सोळाव्या शतकातच लोक याचं कारण शोधत होते. १५५५ साली अंतोनिओ स्काइनो या इटालियन धर्मगुरूने चेंडूच्या खेळावर ग्रंथ लिहिला, त्यातही या मोजणीचा खल आहे. म्हणजे खेळणाऱ्यांनाच कारण विसरून तेव्हाही बराच काळ लोटला होता.

४५चे ४० का झाले, हे मात्र सोपं आहे. गुण मोठ्याने ओरडून सांगायचे असतात. 'पंचेचाळीस' म्हणण्यापेक्षा 'चाळीस' म्हणणं तोंडाला सोयीचं. फ्रेंच आणि इंग्रजीतही तसंच. तोंडाच्या आळसाने शब्द झिजतात, तसे आकडेही झिजतात.

शून्याला 'लव्ह' का म्हणतात? अंड्याला फ्रेंचमध्ये 'लफ' म्हणतात, अंडं शून्यासारखं दिसतं, त्यावरून 'लव्ह', ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेल्याला बदकाचं अंडं मिळतंच, त्यामुळे ती चटकन पटते. पण फ्रेंच लोक स्वतः या खेळात शून्याला अंडं म्हणत होते याचा आधार नाही. जास्त भरवशाचं स्पष्टीकरण इंग्रजीतूनच येतं. पैजेशिवाय, नुसत्या हौसेखातर खेळणं म्हणजे 'फॉर लव्ह' खेळणं. हाती काही लागलं नाही, हौसेचं समाधान तेवढं. आमच्या गावच्या संघाचं बरंचसं क्रिकेट याच प्रकारात मोडतं. 'ड्यूस', म्हणजे चाळीस-चाळीस अशी बरोबरी, हा शब्द मात्र निर्विवाद फ्रेंच आहे: 'आ द', म्हणजे दोनवर आलं, आता सलग दोन गुण जिंकल्याशिवाय सुटका नाही.

गवत, रबर आणि कुणाला उच्चारता न येणारं नाव

इथपर्यंतचा खेळ भिंतींच्या आतला. तो बाहेर गवतावर आला १८७०च्या दशकात, आणि त्याला दोन शोध कारणीभूत झाले. पहिला गवत कापायचं यंत्र, एडविन बडिंगने १८३०मध्ये काढलेलं. दुसरा गंधक घालून तापवलेलं रबर, ज्याचं पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४मध्ये घेतलं. जुने चेंडू कापडाच्या किंवा केसांच्या भरावाचे, ते फरशीवर उसळत पण गवतावर बसकण मारत. रबरी चेंडू गवतावरही उसळला. दोडामार्गाकडच्या रबराच्या बागांत झाडाला खाच पाडून खाली वाटी बांधलेली दिसते ना, तिच्यात जमणारा तो पांढरा चीक नसता तर विम्बल्डनही नसतं आणि आपलं टेनिसही नसतं.

मेजर वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज गृहस्थाने १८७४मध्ये या बाहेरच्या खेळाचं पेटंट घेतलं आणि जाळं, खांब, रॅकेटी, चेंडू असा संच पेटीत घालून विकायला काढला. त्याच्याही आधी बर्मिंगहॅममध्ये हॅरी जेम आणि ऑगुरिओ पेरेरा हे दोघे मित्र असाच खेळ अंगणात खेळत होते, पण पेटी विकली विंगफील्डने. त्याने खेळाला ग्रीक नाव ठेवलं, 'स्फेरिस्टिकी', म्हणजे चेंडू खेळण्याचं कौशल्य. बिचाऱ्याला वाटलं असेल, ग्रीक नावाने वजन येईल. लोकांनी जीभ दोनदा अडखळल्यावर ते टाकून दिलं आणि त्याचंच दुसरं नाव उचललं: लॉन टेनिस, हिरवळीवरचं टेनिस.

१८७७मध्ये विम्बल्डनच्या क्लबाला घोड्याने ओढायचा रोलर दुरुस्त करायला पैसे हवे होते. म्हणून त्यांनी स्पर्धा भरवली. २२ जण खेळले, स्पेन्सर गोर जिंकला. विंगफील्डचं मैदान मध्ये निमुळतं, वाळूच्या घड्याळासारखं होतं. विम्बल्डनने ते काटकोनी केलं, ७८ फूट लांब आणि एकेरीसाठी २७ फूट रुंद, आणि गुण मोजायची १५-३०-४० ही जुनी पद्धत परत आणली. ही मापं आजही तीच आहेत.

मग झालं असं की हा नवा खेळ एवढा पसरला की 'टेनिस' म्हटल्यावर लोकांना तोच आठवू लागला. चारशे-पाचशे वर्षं हे नाव बाळगून असलेल्या भिंतींच्या खेळाला आता ओळख सांगायची पाळी आली. इंग्रजांनी त्याला 'रिअल टेनिस' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे मूळ मालकाला नावापुढे 'खरा' लावून दारात उभं राहावं लागलं.

पुढे खेळ मातीवर आणि काँक्रीटवर गेला, तरी 'लॉन' चिकटून राहिलं. १९१३मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ते १९७७मध्ये नावातून काढलं. आपल्या राज्य संघटनेच्या नावात ते अजून आहे, महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना.

टेबलावर, कोपरात आणि पायात

लोकप्रिय शब्द एका जागी राहत नाही. घरातल्या टेबलावर छोटा खेळ मांडला, त्याचं टेबल टेनिस झालं. त्याला 'पिंग-पाँग'ही म्हणत, पण ते नाव १९०१मध्ये खेळणी बनवणाऱ्या इंग्रज कंपनीने नोंदवून घेतलं होतं, म्हणून संघटनांनी टेबल टेनिस हेच नाव धरलं.

कोपराच्या बाहेरच्या हाडाशी होणाऱ्या दुखण्याला डॉक्टर 'टेनिस एल्बो' म्हणतात. मनगट मागे वळवणारे स्नायू तिथे हाडाला जोडलेले असतात. तीच हालचाल हजारो वेळा केली की ती जोडणी कुरकुरते. १८८०च्या दशकात लॉन टेनिसचं वेड नवं होतं आणि बॅकहँड मारून कोपर धरलेले हौशी लोक लंडनच्या डॉक्टरांकडे येऊ लागले, त्यावरून हे नाव पडलं. वास्तविक या दुखण्याच्या बहुतेक रोग्यांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नसते. सुतार, गवंडी, कोयत्याने तासन् तास कवळ तोडणारे, विहिरीचं पाणी ओढणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या, या सगळ्यांना ते होतं. आमच्या नात्यातल्या एका काकीला डॉक्टरांनी हे निदान सांगितलं, तेव्हा ती पट्टा बांधलेला हात वर करून म्हणाली, "मी खंय टेनिस खेळलंय?" तिचा मुलगा गावच्या संघात सलामीला येतो. तेव्हा सगळ्या वाडीने ठरवलं की त्याचं टेनिस आणि हिचा एल्बो.

ब्राझीलमध्ये 'टेनिस' म्हणजे पायातले कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट. मेक्सिकोतही तेच. दुकानात जाऊन टेनिस मागितलं तर दुकानदार मापाचा आकडा विचारतो. मूळ प्रकार 'टेनिसचे बूट' असा होता, त्यातले बूट गळले आणि टेनिस उरलं.

पण क्रिकेटला टेनिस म्हणणं चूक नाही का?

जाणकार मंडळींचा हा आक्षेप असतो, विशेषतः मुंबईहून सुट्टीला आलेल्यांचा. टेनिस हा वेगळा खेळ, त्याला वेगळे नियम, त्याचं नाव क्रिकेटला कसं?

ब्राझीलच्या बुटांचं जे झालं, तेच इथे झालं. 'टेनिस बॉल क्रिकेट' या तीन शब्दांतले, ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेले दोन गळले. कोकणातल्या मैदानावर क्रिकेट सोडून दुसरं काही असणारच नाही, तेव्हा 'क्रिकेट' बोलून कशाला दाखवायचं? बॉल तर हातातच आहे. सांगण्यासारखं एवढंच उरतं की हा सीझन नाही. तेवढं 'टेनिस' या एका शब्दात सांगून होतं. हा अडाणीपणा नाही, काटकसर आहे.

आणि पुढचं तर फारच मजेशीर आहे. कोकणात आता खऱ्या टेनिसबद्दल बोलायचं झालं तर लोक 'लॉन टेनिस' म्हणतात, मग ते पॅरिसच्या लाल मातीवर चाललेलं का असेना. "ते टीव्हीवरचं, लॉन टेनिस." म्हणजे १८७०नंतर इंग्लंडात भिंतींच्या खेळाची जी गत झाली, तीच इथे विम्बल्डनची झाली. नाव नव्याने घेतलं दुसऱ्याने, आणि आधीच्याला पुढे विशेषण लावावं लागलं. लॉन टेनिसवाल्यांनी तक्रार करायची तर आधी रिअल टेनिसवाल्यांची तक्रार ऐकावी लागेल, आणि त्यांनी केली तर फ्रेंच लोक म्हणतील की मुळात आमच्या खेळाचं हे नावच नव्हे, आम्ही फक्त 'धरा' म्हणत होतो.

एक व्यावहारिक काळजी मात्र रास्त आहे. अर्जावर, प्रमाणपत्रावर किंवा बातमीच्या मथळ्यात नुसतं 'टेनिस' लिहिलं तर वाचणारा लॉन टेनिसच समजणार. एखाद्या मुलाने तालुक्याला टेनिस बॉल क्रिकेटमध्ये बक्षीस मिळवलं आणि कागदावर 'टेनिस' एवढंच आलं, तर कॉलेजच्या खिडकीपाशी खुलासे करत बसावं लागतं. बोलताना काटकसर चालते, कागदावर पूर्ण नाव लिहावं.

ज्या टेनिसमध्ये खरंच धरतात

शब्दाच्या मूळ अर्थाला जागणारं एक टेनिस अजून शिल्लक आहे, आणि ते आपल्या शाळांतच आहे. रबराची कडी, मध्ये जाळं, दोन्ही बाजूंना मुलं. कोणी त्याला रिंग टेनिस म्हणतं, कोणी टेनिक्वाइट. याचंच एक भावंड प्रवासी बोटींवर डेक टेनिस म्हणून खेळलं जायचं. बोटीवर चेंडू मारला तर तो समुद्रात जाणार, म्हणून दोरीची किंवा रबराची कडी घेतली आणि मारायच्या ऐवजी फेकायची ठरवली. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं बोटीवर खलाशी म्हणून गेली आहेत, तेव्हा हा प्रकार ऐकून माहीत असणारे इथे कमी नसतील.

यात रॅकेट नाही, बॅट नाही, पुन्हा नुसता हात. कडी आपल्या अंगणात पडायच्या आत एका हाताने झेलायची आणि तिथूनच परत फेकायची. लॉन टेनिसमध्ये चेंडू कोणी धरत नाही, धरला तर गुण जातो. भिंतींच्या टेनिसमध्येही तो मारायचाच असतो. रिंग टेनिसमध्ये मात्र धरलं नाही तर हरलात. गुणांचीही भानगड नाही. पंधरा-तीस-चाळीस नाही, लव्ह नाही, ड्यूस नाही. पहिल्या गुणाला एक, दुसऱ्याला दोन, असं करत एकवीसपर्यंत मोजायचं.